दोरीबाहेरचा म्हातारा

आपल्या देवपुरात कबड्डीचे सामने भरले. बापाला घेऊन गेलो. वय सत्त्याहत्तर, पाठ हमालीनं वाकलेली, एकेकाळी चढाईत पट्टीचा. एसटीनं २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांचं तिकीट माफ केलं. इथं पुरे पैसे. पुढाऱ्यांना मात्र फुकट पास, पुढच्या खुर्च्या!

बाप म्हणाला, "आठूनच देखसू." दोरीबाहेर उभा राहिला.

बाळू पालवणकरांनी पुण्यात हिंदूंसाठी बळी काढले, चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९२० साली त्यांच्या भावांनी निषेध म्हणून संघ सोडला; १९२३ साली त्यातलाच विठ्ठल कप्तान झाला. मागून नव्हे, अडून मिळालं.

सवलत ही भीक नाही. पास बंद करा, म्हाताऱ्यांना आत बसवा. नाहीतर दोरी आपण सोडू!