जुनी दुनळी बंदूक आणि घरी भरलेले काडतूस

(बीड जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



आजचा विषय खताचा नाही, बियाण्याचा नाही आणि कीडनाशकाचाही नाही. तो आहे घराच्या आढ्याला किंवा कपाटात ठेवलेल्या दुनळी बंदुकीचा. विद्यापीठाच्या मेळाव्यात बंदूक कशाला, असे काहींना वाटेल. परंतु हुरड्यात आलेली ज्वारी रानडुकरांनी एका रात्रीत लोळवली की पहिली आठवण तिचीच होते. म्हणून हा विषय पीक संरक्षणाचाच आहे.

आपला जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातल्या काही पाटील, देशमुख, जहागीरदार घराण्यांकडे विलायतेत घडलेल्या बारा बोअरच्या बंदुका होत्या. वारसाहक्काने आणि रीतसर परवाना बदलून त्यांतील काही आजही नातवांच्या हाती आहेत. बंदूक टिकली, पण तिच्या जोडीचे ज्ञान टिकले नाही. अपघात होतो तो येथेच.

आमच्या घरची गोष्ट

आमच्याकडेही अशी एक दुनळी होती. आजोबांकडे पितळी काडतुसे होती. बार उडाला की ते रिकामे काडतूस जपून ठेवायचे. नवी टोपी बसवायची, दारू घालायची, वर डाट, मग छर्रे आणि पुन्हा डाट. एक काडतूस पाच-सहा वेळा सहज चाले. काटकसरीचे दिवस होते.

आजोबांच्या मागे चुलत्यांनी तेच सुरू ठेवले. एका पावसाळ्यात भुईमुगात डुकरे शिरली. चुलत्यांनी उजव्या नळीचा बार काढला, तर धडाड्याऐवजी नुसते 'फुस्स' झाले. दारू सर्दावली होती. घाईत त्यांनी त्याच नळीत दुसरे काडतूस घातले आणि खटका ओढला. आधीची डाट आणि छर्रे नळीतच अडकलेले होते. नळी पुढच्या लाकडाजवळ फाटली. बंदुकीखाली धरलेल्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. डुकरे गेली, भुईमूग गेला आणि पुढे आयुष्यभर चुलत्यांना बैलाचा कासरा नीट धरता आला नाही.

घरी भरलेले काडतूस धोक्याचे का?

पहिले कारण दारूचे. जुनी दारू काळी, धूर करणारी. आजच्या काडतुसातली दारू बिनधुराची असते. काळ्या दारूच्या निम्म्याहून कमी वजनात ती तेवढेच काम करते. जुन्या लोकांकडे काळ्या दारूचे माप, म्हणजे ठराविक पळी असे. त्याच पळीने कोणी बिनधुराची दारू भरली, तर नळीवर कितीतरी जास्त ताण येतो. डोळ्यांना दोन्ही चूर्णेच दिसतात, नळी मात्र फरक ओळखते.

दुसरे कारण नळीचे. काही जुन्या नळ्यांवर सापाच्या कातड्यासारखी वळणदार नक्षी दिसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गुंडाळून त्या घडवलेल्या असत. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या हिशेबाने केलेल्या आहेत. इंग्लंडात बिनधुराच्या दारूसाठी तपासलेल्या बंदुकांवर 'नायट्रो प्रूफ' अशी खूण ठोकण्याचा नियम १८९६ मध्ये आला. ती खूण नसलेल्या बंदुकीत आजचे काडतूस घालू नये. आणि खूण असली तरी ती त्या दिवसाची आहे. त्यानंतर नळीला किती गंज चढला आणि तो किती वेळा घासून काढला, हे खूण सांगत नाही.

तिसरे कारण लांबीचे, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. काडतुसाची लांबी ते उडून तोंड उघडल्यावरची मोजतात. जुन्या बंदुकीत काडतूस बसण्याची जागा बहुधा अडीच इंचाची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. आज ७० मिलिमीटरची काडतुसेही सर्रास मिळतात. तोंड दुमडलेले असल्यामुळे ७० चे काडतूस ६५ च्या जागेत बिनतक्रार बसते. शेतकरी समजतो, बसले म्हणजे चालते. पण बार उडताना दुमड उघडायला जागाच राहत नाही, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. म्हणून डब्यावरची लांबी वाचल्याशिवाय काडतूस घेऊ नये.

चौथा धोका गफलतीचा. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकते आणि मागून बारा बोअरचे बसते. मग नळी फुटणारच. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याचा प्रघात आहे. दोन्ही जातींची काडतुसे एका पिशवीत कधीही ठेवू नका.

कायदा काय सांगतो?

शस्त्र कायदा १९५९ चा आहे आणि सध्याचे नियम २०१६ चे आहेत. कलम १३ प्रमाणे खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी मुळात ठासणीच्या बंदुकीचा परवाना आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर होऊ शकते. हा परवाना बंदूक बाळगण्याचा आणि वापरण्याचा आहे. काडतूस तयार करण्याचा नाही.

काडतूस तयार करणे, विकणे, बंदूक दुरुस्त करणे यांसाठी कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. तो नसताना केलेल्या निर्मितीस २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. चार काडतुसांचे पैसे वाचवण्यासाठी कोणी एवढी किंमत मोजावी काय? गावच्या लोहाराकडून नळी झाळून घेणेही याच कारणाने टाळावे.

त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षे झाली. मुदत संपली किंवा परवानाधारक वारला, तर बंदूक घरात ठेवता येत नाही. ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि वारसाने नव्याने अर्ज करावा. २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात परवान्यांची पडताळणी होऊन अनेक परवाने रद्द झाले, हे आपण जाणताच. तेव्हा कागद स्वच्छ ठेवा.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे. काळवीट आणि मोर पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्यावर बार काढण्याचा विचारही करू नये. पाटोद्याजवळचे नायगाव हे मोरांचेच अभयारण्य आहे. रानडुक्कर किंवा रोही यांच्या बाबतीतही वनखात्याची लेखी परवानगी आधी हवी. हवेत बार काढून कळप पांगवणे वेगळे आणि मारणे वेगळे.

बंदूक असेल तर एवढे करा

१. नळ्या रिकाम्या आहेत याची खात्री करून, बंदूक मोडून उजेडाकडे पाहा. आत खड्डे, पोचा किंवा फुगवटा दिसला तर ती वापरू नका.

२. बंद केलेली बंदूक बिजागरीत खुळखुळत असेल, दस्त्याला चीर असेल, तर परवानाधारक कारागिराला दाखवा. नळीची जाडी आणि काडतुसाच्या जागेची लांबी त्याच्याकडून मोजून घ्या.

३. काडतुसे परवानाधारक दुकानातूनच, पावतीसह आणि परवान्यावर नोंद करून घ्या. आपल्याच खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसे बनतात.

४. काडतुसे कोरड्या डब्यात, कुलपात ठेवा. खताच्या किंवा फवारणीच्या औषधांच्या खोलीत ठेवू नका. फुगलेले किंवा बुडाला हिरवा गंज चढलेले काडतूस उडवून पाहू नका. ते फोडू नका, जाळू नका, विहिरीत टाकू नका. पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे द्या.

५. खटका ओढूनही बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या बाजूला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, मग उघडा.

६. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर तेथेच थांबा. बंदूक रिकामी करा आणि नळीतून आरपार दिसते का ते पाहा. माझ्या चुलत्यांनी एवढे केले असते, तर त्यांची बोटे वाचली असती.

७. बांध, तार, ओढा ओलांडताना आणि मोटारसायकलवर बंदूक कधीही भरलेली नसावी.

८. उभ्या उसात किंवा अंधारात नुसत्या आवाजाच्या रोखाने बार काढू नका. मोठे छर्रे काही शे मीटर जातात. गेवराई, माजलगावच्या फडात रात्री माणसे असतात, आणि ती आपलीच असतात.

बंदुकीशिवाय राखण

खरे सांगायचे तर एक बंदूक एक रात्र राखते, हंगाम राखत नाही. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून सौर झटका कुंपण केले, पाळीपाळीने माळ्यावर राखण केली, बांधालगतची झुडपे साफ ठेवली, तर गुण जास्त येतो. मात्र घरच्या विजेचा प्रवाह तारेत सोडू नका. त्याने माणूस मरतो आणि गुन्हाही दाखल होतो. गावठी बॉम्बच्या वाटेला तर जाऊच नका. नुकसान झाले की विलंब न लावता वनखात्याला कळवा आणि पंचनामा करून घ्या. भरपाईची तरतूद आहे, ती अर्ज करणाऱ्यालाच मिळते.

आजोबांची बंदूक ही घराची आठवण आहे. ती जपावी. ती वापरण्याजोगी राहिली नसेल, तर तसे मान्य करण्यात कमीपणा नाही. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येते, हात पुन्हा येत नाही. घरी गेल्यावर आधी रिकाम्या काडतुसांची पिशवी शोधा. त्यात भरलेले एखादे निघाले, तर उद्या सकाळी पोलीस ठाण्याला कळवा.