करण्यासारखे पुष्कळ असते
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत बोलावे तसेच बोलते. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

माझ्या धाकट्या जावेच्या स्तनात गाठ आली. अंघोळीच्या वेळी तिच्या हाताला लागली. “ताई, कोणाजवळ बोलू नका,” म्हणाली. गाठ दुखत नव्हती. घरात तिच्या मुलीचे लग्न होते. मीही गप्प बसले. त्यात आठ महिने गेले. ते मला आजही डाचते. अशी गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती फसवते.

पुढे शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली. पण रोग हाडांत उतरला. एका डॉक्टरांनी सांगितले, “आता करण्यासारखे काही नाही, घरी न्या.” जखमेला वास येई. शेजारणींनी आमच्याकडचा चहा सोडला. हा रोग शिवण्याने लागत नाही, हे कोणाला पटवावे?

मग वेदना शमविणाऱ्या सेवेची, म्हणजे पॅलिएटिव्हची, एक परिचारिका घरी येऊ लागली. तिने शिकविले : पाणी मीठ घालून उकळावे, गार करावे, त्याने जखम धुवावी. डॉक्टरांनी दिलेली मेट्रोनिडॅझोलची पूड वर घालावी. वास कमी होतो. सुजलेला हात उशीवर उंच ठेवावा, घट्ट बांगड्या काढाव्या.

दुखण्यावर मॉर्फिन आले. सासूबाई म्हणाल्या, “अफूच ना ती! सवय लागेल.” परिचारिका म्हणाली, “आजी, दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतले तर सहसा व्यसन लागत नाही.” दर चार तासांनी घड्याळ पाहून औषध द्यायचे, कळ उठायची वाट पाहायची नाही. पोट साफ राहण्याचे औषध सोबत. तिसऱ्या रात्री जाऊ झोपली, आणि आम्हीही झोपलो.

आपल्या देशात १९८५ च्या कायद्यामुळे हे औषध मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ साली त्यात दुरुस्ती झाली. मुंबईस वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन निघाले. कोझिकोडला १९९३ साली डॉ. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार यांनी काम आरंभिले. केरळात शेजारपाजारची माणसे थोडे शिकून रोग्यांच्या घरी जातात. त्याच १९९३ साली युगांडात डॉ. अ‍ॅन मेरिमन यांनी मॉर्फिनची पूड पाण्यात कालवून स्वस्त औषध घरोघर पोचविले. गरीब देशांनी हे केले. मग आपल्या मंडळाला का जमू नये?

माझे मागणे लहान आहे. आपल्यापैकी दोघींनी आठवड्यातून एकदा अशा घरी जावे. तासभर रोग्याजवळ बसावे. तेवढ्यात घरची बाई न्हाईल, जेवेल. जुनी सुती लुगडी धुऊन द्यावी. आणि घरचा चहा घ्यावा.

माझी जाऊ गेली. शेवटचे दोन महिने मात्र ती ओट्यावर बसून नातवाशी बोलली. आणि गाठ लागली तर, बायांनो, माझ्यासारख्या गप्प बसू नका.