सुपरमॅनचे पहिले शत्रू

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



मी विषय कळवला तेव्हा कार्यवाहांचा दूरध्वनी आला. अत्यंत सौजन्याने त्यांनी विचारले, "विषयात काही मुद्रणदोष तर झालेला नाही ना?" मी म्हटले, "नाही, सुपरमॅनच म्हणायचे आहे." क्षणभर थांबून ते म्हणाले, "मग सभासदांना मुलांनाही घेऊन या असे कळवतो." मुले आलेली दिसत आहेत, याचा आनंद आहे. परंतु आजचे माझे बोलणे मुख्यतः त्यांच्या आईवडिलांशी आहे.

माझ्या पिढीचे बालपण 'इंद्रजाल कॉमिक्स'वर पोसलेले. १९६४ पासून मुंबईहून 'टाइम्स' समूह ती काढत असे. भूगोलाच्या पुस्तकात दडवून आम्ही वेताळ वाचला आणि त्यापायी पाठीत धपाटेही खाल्ले. मराठीत वेताळ झालेला हा फँटम ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केला, म्हणजे तो सुपरमॅनहून दोन वर्षांनी वडील. सुपरमॅन आमच्यापर्यंत पोहोचला तो प्रामुख्याने १९७८ च्या चित्रपटामुळे. आकाशात उडणारा, अंतराळातून आलेल्या दुष्टांशी झुंजणारा, असा तो आम्हाला ठाऊक होता. पुढे पुष्कळ वर्षांनी त्याच्या अगदी आरंभीच्या कथांचे पुनर्मुद्रण हाती आले आणि मी चकित झालो. या कथांतल्या सुपरमॅनला उडता येत नाही. तो लांब उडी मारतो, आगगाडीहून वेगाने धावतो, एवढेच. त्याहून मोठे आश्चर्य त्याच्या शत्रूंचे होते. परग्रहवासी त्यांत कोणी नव्हता. खाणमालक होता, शस्त्रास्त्रांचा कारखानदार होता, लोकप्रतिनिधीला खिशात घालणारा दलाल होता, घरात बायकोला मारणारा नवरा होता.

हे असे का झाले, ते समजण्यासाठी अमेरिकेतील क्लीव्हलँड या औद्योगिक शहरात जावे लागेल. १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत तेथील दर चार कामकऱ्यांपैकी सुमारे एक बेकार झाला होता. या शहराच्या ग्लेनव्हिल भागातील शाळेत जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन मित्र शिकत होते. दोघांचा जन्म १९१४ चा, दोघेही युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. जेरी लिहिणारा, जो चित्रे काढणारा; जोची दृष्टी मात्र अधू. जेरीच्या वडिलांचे जुन्या कपड्यांचे दुकान होते. जून १९३२ मध्ये दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगातच ते हृदयक्रिया बंद पडून कोसळले. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. लेखकाच्या मनाची चिरफाड करण्याचा आजच्या समीक्षेला सोस आहे, मला नाही. परंतु ज्याचा पिता असा गेला, त्याला पुढे बंदुकीची गोळी न लागणारा नायक सुचला, एवढे ध्यानात ठेवून आपण पुढे जाऊ.

वृत्तपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या संस्थांनी ही कल्पना वर्षानुवर्षे नाकारली. अखेर १९३८ च्या जून महिन्याचा अंक म्हणून 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक निघाला, किंमत दहा सेंट. त्यात सुपरमॅनची तेरा पाने होती. कथा सुरू होते ती मध्यरात्री. एका निरपराध स्त्रीला मृत्युदंडाची शिक्षा झाली आहे आणि सुपरमॅन खऱ्या गुन्हेगाराचा कबुलीजबाब घेऊन राज्याच्या गव्हर्नरच्या घराकडे धावतो आहे. सेवक दार उघडत नाही, तर तो दारच उखडतो. श्रोतेहो, येथे एक गोष्ट पाहा. ज्याला दार उखडता येते, त्याला तुरुंगाची भिंतही पाडता आली असती. परंतु तो भिंत न पाडता कागद घेऊन गव्हर्नरकडे जातो, शिक्षा त्यांच्या आदेशानेच थांबते. तेरा पानांच्या त्या घाईगर्दीच्या कथेतला हा भाग मला फार मोलाचा वाटतो. सुपरमॅन सदैव असा वागला, असे मात्र नाही. त्याकडे मी येणारच आहे.

दुसऱ्या अंकात तो शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराला जबरीने सैन्यात भरती व्हायला लावतो. आपण विकलेले तोफगोळे कोणाच्या अंगावर फुटतात, ते त्याने खंदकात बसून पाहावे म्हणून. मग दोन्ही बाजूंच्या सेनापतींना समोरासमोर उभे करून 'आता तुम्हीच लढा' म्हणतो, तेव्हा आपण कशासाठी लढतो आहोत, हे दोघांनाही सांगता येत नाही. ही कथा भाबडी आहे. युद्धे केवळ शस्त्रविक्रेत्यांमुळे होत नसतात आणि हे पुढच्याच वर्षी जगाला फार महागात कळले.

तिसऱ्या अंकातील खाणीची कथा मात्र वेगळ्याच तोडीची आहे. ब्लेकली नावाच्या मालकाच्या खाणीत दरड कोसळते आणि एक कामगार जन्माचा पांगळा होतो. क्लार्क केंट वार्ताहर म्हणून रुग्णालयात जाऊन त्याची मुलाखत घेतो. खाण धोक्याची आहे हे आम्हा सर्वांना ठाऊक होते, असे तो कामगार सांगतो. पण बोलणाऱ्याची नोकरी जाते. तेथून क्लार्क मालकाकडे जातो. मालक सांगतो, चूक त्या माणसाचीच. आणि उदारपणे रुग्णालयाच्या बिलाचा काही भाग व वर पन्नास डॉलर देऊ करतो. मग सुपरमॅन काय करतो? या कथेत तो बहुतेक काळ आपल्या प्रसिद्ध पोशाखात नाहीच, खाणकामगाराच्या मळक्या कपड्यांत आहे. मालकाच्या बंगल्यावर मेजवानी चालू असते. उंची पोशाखातल्या पाहुण्यांना गंमत म्हणून खाणीत उतरण्याची लहर येते. ते खाली जातात आणि सुपरमॅन छताचे आधार पाडून वाट बंद करतो. मालक धोक्याची सूचना देणारे यंत्र चालवू पाहतो, तर ते गंजलेले. कुदळ उचलून खणावे, तर चार घावांत हात सोलवटतात. काल जे कामगाराने भोगले ते आज मालक भोगतो. अखेर सुपरमॅन गुपचूप वाट मोकळी करून देतो. दुसऱ्या दिवशी तोच मालक क्लार्कला सांगतो, माझी खाण आता देशातील सर्वांत सुरक्षित खाण होईल. सुपरमॅनने येथे कोणाला ठोसा मारलेला नाही, मालकाची केवळ जागा बदलली आहे.

ही कथा वाचताना मी अस्वस्थ झालो, त्याचे कारण सांगतो. वृत्तपत्रात नवखा असताना एका कारखान्यातील अपघाताची बातमी माझ्याकडे आली होती. कामगाराचा हात यंत्रात गेला होता. मी कारखान्याच्या कार्यालयात गेलो, चहा घेतला, व्यवस्थापकांनी सांगितले ते टिपून घेतले आणि 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे' या शब्दांनी बातमीचा प्रारंभ केला. रुग्णालय माझ्या घरच्या वाटेवर होते. मी तेथे गेलो नाही. उशीर झाला होता, छपाईची वेळ गाठायची होती आणि खरे सांगायचे तर, जावे असे सुचलेच नाही. दहा सेंटांच्या पोरकट म्हटल्या जाणाऱ्या पुस्तकातला चष्मेवाला बुजरा वार्ताहर आधी रुग्णालयात गेला आणि नंतर मालकाकडे. या क्रमात पत्रकारितेचा अर्धा अभ्यासक्रम आहे.

क्लार्क केंटला वृत्तपत्रात नोकरी का दिली, याचेही उत्तर येथे मिळते. दुःखाची वार्ता जेथे सर्वांआधी येते, तेथे त्याला बसायचे होते. त्याच्या दैनिकाचे नाव आरंभी 'डेली स्टार' होते; 'डेली प्लॅनेट' हे १९४० मधले.

आता त्या दुसऱ्या बाजूकडे येतो. जानेवारी १९३९ च्या आठव्या अंकात गलिच्छ वस्तीतील काही मुले चोऱ्या करताना दिसतात. त्यांना नादी लावून चोरीचा माल घेणारा एक गुंड आहे. एका मुलाला न्यायालयात शिक्षा होते, तेव्हा त्याची आई कळवळून म्हणते की दोष पोराचा नाही, तो जेथे वाढला त्या जागेचा आहे. सुपरमॅनला हे पटते. वादळात उद्ध्वस्त झालेल्या वस्तीच्या जागी सरकारने चांगली घरे बांधल्याची बातमी त्याने वाचलेली असते. झाले! तो रहिवाशांना सामान घेऊन बाहेर पडायला सांगतो आणि इमारती पाडू लागतो. त्याला रोखायला सैन्य येते, विमाने बाँब टाकतात, पण तो काही सापडत नाही आणि उरलेली वस्ती त्या बाँबनीच साफ होते. अखेरच्या चित्रांत तेथे नवी, हवेशीर घरे उभी आहेत. पोलीसप्रमुख जाहीरपणे त्याला पकडण्याची भाषा करतो आणि खाजगीत त्याचे कौतुक करतो.

मुलांच्या वाचनात हे चालते. आपण मोठ्यांनी मात्र विचारले पाहिजे, की घर पडले त्या रात्री ती माणसे कोठे निजली? कथा याचे उत्तर देत नाही. मे १९३९ च्या बाराव्या अंकात तर सुपरमॅन बेदरकार वाहनचालकांविरुद्ध युद्धच पुकारतो. निकृष्ट मोटारी बनवणारा कारखाना तो मोडून टाकतो. वाहतुकीकडे दुर्लक्ष करणाऱ्या महापौरांना तो शवागारात नेऊन अपघातात मेलेल्यांची कलेवरे पाहायला लावतो. महापौर सुधारतात, कायदा कडक होतो आणि शेवटी खुद्द क्लार्क केंटलाच चुकीच्या जागी मोटार लावल्याबद्दल दंड होतो. हा शेवट मला मनापासून आवडतो. आपल्या सर्वांच्या मनात एक बलदंड पुरुष असतो, जो इतरांना शिस्त लावतो. दंडाची पावती आपल्या हाती पडेल, असे आपण धरून चाललेले नसतो.

हा सुपरमॅन फार काळ टिकला नाही. तो वर्तमानपत्रांत गेला, फेब्रुवारी १९४० पासून नभोवाणीवर गेला, खेळण्यांवर त्याचे चित्र आले. मालमत्ता म्हणून त्याचे मूल्य वाढले, तसे त्याच्या वागण्यावर संपादकांनी नियम घातले. लोकांच्या इमारती पाडायच्या नाहीत, कोणाचा जीव घ्यायचा नाही. नियम वाईट होते असे मी म्हणणार नाही. परंतु त्याच सुमारास लूथरसारखे माथेफिरू शास्त्रज्ञ शत्रू म्हणून अवतरले आणि खाणमालक हळूहळू दिसेनासा झाला. जगाचा नाश करू पाहणारा शास्त्रज्ञ कोणाच्याच ओळखीचा नसतो. त्याच्याविरुद्ध लढण्याने कोणी दुखावत नाही.

तरीही ती मूळची ठिणगी अधूनमधून चमकत राहिली. फेब्रुवारी १९४० मध्ये 'लुक' या नियतकालिकासाठी सीगल-शुस्टरनी दोन पानांची कथा रचली. तीत सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन या दोघांनाही उचलून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे नेतो. येथेही तो त्यांना स्वतः शिक्षा करत नाही, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. ही दोन पाने नाझींच्या एस.एस. दलाच्या मुखपत्राला इतकी झोंबली, की एप्रिलमध्ये त्याने सीगलच्या ज्यू असण्यावरून गरळ ओकणारा लेख छापला. महामानवाचा शब्द ज्यांनी वंशश्रेष्ठतेच्या मस्तीसाठी वापरला, त्यांच्या हातून तो क्लीव्हलँडच्या दोन निर्धन मुलांनी काढून घेतला आणि दुबळ्यांच्या कैवाऱ्याला दिला होता. १९४६ मध्ये नभोवाणीवरील मालिकेत सुपरमॅन कू क्लक्स क्लॅनच्या धर्तीच्या एका गुप्त टोळीविरुद्ध उभा राहिला. चिनी वंशाच्या एका मुलाला बेसबॉलच्या संघात जागा मिळाली म्हणून त्याच्या कुटुंबाचा छळ करणारी ती टोळी होती. अशा वेळी तो पुन्हा १९३८ चा सुपरमॅन वाटतो.

शेवटी त्या दोन मित्रांविषयी. तेरा पानांचे मोल म्हणून त्यांना १३० डॉलर मिळाले, पानाला दहा डॉलर, आणि त्या रकमेत सुपरमॅनवरचे सर्व हक्क त्यांनी प्रकाशकाला लिहून दिले. काही वर्षे कामाचे पैसे चांगले मिळाले. १९४७ मध्ये हक्कांसाठी ते न्यायालयात गेले. तडजोडीत काही रक्कम हाती पडली, पण सुपरमॅन दुरावला आणि पुस्तकांवरून त्यांची नावेही गेली. १९७५ साली नव्या चित्रपटाची तयारी चालू असताना सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता आणि शुस्टर जवळजवळ दृष्टिहीन झाला होता. सीगलने वृत्तपत्रांना पत्रे धाडली. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकार त्यांच्यासाठी पुढे सरसावले, वृत्तपत्रांनी विषय लावून धरला. त्या डिसेंबरात कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर निवृत्तिवेतन मान्य केले आणि त्यांची नावे सुपरमॅनच्या कथांवर पुन्हा छापण्याचे कबूल केले. शुस्टर १९९२ मध्ये गेला, सीगल १९९६ मध्ये.

त्यांना १९३८ च्या मार्चमध्ये मिळालेला धनादेश टिकून राहिला होता. इतर कामांचे पैसे धरून तो ४१२ डॉलरचा होता. २०१२ मध्ये त्याचा लिलाव झाला, तेव्हा त्या कागदाला १ लाख ६० हजार डॉलर आले.