जुनी मोटार आणि झाकलेले दुखणे

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक व्याख्यानमालेत ग्वाल्हेर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, मराठी माणूस आणि उद्योगधंदे हाही विषय झाला. अशा भारदस्त पंक्तीत एका जुन्या मोटारीच्या एंजिनाने येऊन बसावे, हे थोडे धिटाईचेच म्हणावे लागेल. परंतु कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा आमच्या मनात दुसरे काही येईना. आपल्यासारख्या दूरदेशी राहणाऱ्या कुटुंबांत मोटार पुष्कळदा येते ती गावी राहिलेल्या आईवडिलांसाठी. नवी परवडत नाही म्हणून जुनी येते. आणि जुनी येते तेव्हा तिचा पूर्वेतिहासही तिच्याबरोबर घरात येतो. हा इतिहास नोंदणीपुस्तकात लिहिलेला नसतो.

आमची आई नाशिकला एकटी राहत असे. गुडघ्यांमुळे तिला आगगाडीच्या पायऱ्या चढवेनात. तेव्हा मोटार घ्यावी आणि दिवाळीनंतर तिला इकडे आणावे, असे आम्ही ठरविले. आग्रा-मुंबई महामार्ग ग्वाल्हेरहून निघतो तो थेट नाशिकच्या दारात जातो, ही केवढी सोय! त्याच सुमारास आपल्याच परिचयातील एका मराठी सद्गृहस्थांची बदली झाली आणि त्यांनी आपली नऊ वर्षांची पेट्रोल मोटार विकायला काढली. किंमत 1,85,000 रुपये. आम्ही कागद पाहिले, टायर पाहिले, गादीवर बसून पाहिले. एंजिन मात्र पाहिले नाही. आपला माणूस आहे, त्याच्यासमोर मिस्त्री घेऊन उभे राहणे बरे दिसणार नाही, अशी एक भीड मनात होती. 30 सप्टेंबर 2017 रोजी, दसऱ्याच्या दिवशी, झेंडूची माळ घालून मोटार दारात आली.

पहिल्या आठवड्यातच ती पाणी मागू लागली. कूलंटच्या बाटलीतील पातळी रोज सकाळी बोटभर खाली गेलेली दिसे. जमिनीवर मात्र थेंब नाही. सकाळी सुरू केल्यावर मागच्या नळीतून पांढरी वाफ निघे आणि तिला किंचित गोडसर वास येई. सौभाग्यवतींनी दोनदा विचारले, "हे असेच असते का?" आम्ही म्हणालो, "जुनी गाडी आहे, चालायचेच." श्रोतेहो, या व्याख्यानातील खरा दोष या वाक्यात आहे. एंजिन रोज सकाळी आपले दुखणे सांगत होते; आम्ही त्यावर तांब्याभर पाणी ओतून कामाला जात होतो. पैसे मोजून झाले होते. फसलो असे कबूल करण्यापेक्षा पाणी ओतणे सोपे होते.

दिवाळीला नाशिक गाठले. वाटेत काटा एक-दोनदा वर चढला, पण रात्रीच्या थंड हवेत निभावले. परतताना आई, तिच्या दोन पेट्या, लोणच्याच्या बरण्या आणि आम्ही तिघे. शिरपूर सोडले आणि दुपारी बिजासन घाट चढू लागलो, तोच तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला आणि झाकणाखालून वाफेचा लोट उठला. आम्ही मोटार कडेला घेतली आणि घाईघाईने रेडिएटरच्या टोपणाकडे हात नेला. मागून आलेल्या एका मालमोटारीचा चालक ओरडला, "हाथ मत लगाना!" त्या अनोळखी माणसाचे आमच्यावर ऋण आहे. रेडिएटर हा एका अर्थी प्रेशर कुकरच असतो. आतल्या दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टोपण काढताच दाब जातो आणि उकळते पाणी कारंज्यासारखे तोंडावर येते. मोटार तापली तर एंजिन बंद करावे, निदान अर्धापाऊण तास थांबावे आणि टोपण गार लागेपर्यंत त्याला हात लावू नये. तापलेल्या एंजिनात थंड पाणी ओतण्याचीही घाई करू नये; त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

मोटार ओढून सेंधव्याला नेली. तिथल्या मिस्त्रीने ऑईलचे टोपण उघडून दाखविले. आतल्या बाजूस दुधाच्या सायीसारखा पिवळसर पांढरा लेप होता. तो म्हणाला, "बाबूजी, पानी तेल में जा रहा है. ऐसे ही ले गए तो इंजन भी जाएगा." आई बाकावर बसून सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "अरे, रोज सकाळी पाणी मागणारी गाडी म्हणजे दुखणाईत माणूसच की! वैद्याला दाखवायचं सोडून तू पाणीच पाजत राहिलास?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

हे दुखणे काय होते, ते थोडक्यात सांगतो. एंजिनाचे खालचे धड, म्हणजे ब्लॉक, आणि वरचे डोके, म्हणजे हेड, यांच्यामध्ये एक पातळ पत्रा असतो. त्याला हेड गॅस्केट म्हणतात. सिलिंडरमधला जळता वायू, वंगणाचे तेल आणि थंडाव्याचे पाणी यांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याचे काम हा पत्रा करतो. एंजिन एकदा जरी अति तापले तरी हेड किंचित वाकू शकते आणि गॅस्केट जळू शकते. मग पाणी सिलिंडरमध्ये शिरून वाफ होऊन बाहेर पडते, नाहीतर तेलात मिसळते. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगांना वंगण पुरवू शकत नाही. म्हणून असे एंजिन रेटत राहिले, तर काही हजारांची दुरुस्ती सबंध एंजिनाच्या खर्चावर जाते.

मोटार इंदूरच्या एका गॅरेजात ठेवून आम्ही मंडळी गाडीने ग्वाल्हेरला आलो. आईला त्या पायऱ्या अखेर चढाव्याच लागल्या. गॅरेजचा निरोप आला: एंजिन पूर्ण खोलावे लागेल, 60,000 रुपये. आम्ही होकार देणारच होतो. परंतु आपल्या मंडळातील एक निवृत्त फोरमन, ज्यांना आपण सगळे काकाच म्हणतो, त्यांच्या कानावर हे गेले. ते म्हणाले, "हे बघा, आधी मोजायला सांगा, मग खोलायला सांगा. चारही सिलिंडरांचा दाब कागदावर लिहून मागवा."

आकडे आले. पहिला आणि चौथा सिलिंडर 165 आणि 160 पौंड. दुसरा आणि तिसरा 95 आणि 90. काकांनी पुन्हा सांगितले की या दोन सिलिंडरांत चमचाभर तेल घालून परत मोजा. तेलाने दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असे समजावे, कारण तेल त्या फटी तात्पुरत्या बुजविते. दाब वाढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. आमच्या मोटारीत तो वाढला नाही. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर अशक्त, शिवाय तेलात पाणी; अर्थ उघड होता. त्या दोहोंमधले गॅस्केट जळले होते, रिंगा शाबूत होत्या, आणि सबंध एंजिन उलगडण्याचे कारण नव्हते.

हेड उतरविल्यावर सगळा पूर्वेतिहास बाहेर आला. थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला होता. मूळ दुखणे ते. रेडिएटरच्या नळ्यांत तपकिरी गाळ साचला होता. गळती बुजविण्यासाठी बाजारात जी पूड मिळते, तिचा तो गाळ. ही पूड काही दिवस भोक बुजविते आणि त्याबरोबरच पाण्याच्या वाटाही बुजविते. हेड सपाट पट्टीवर तपासून यंत्रावर घासून घेतले. हे फार महत्त्वाचे आहे. वाकलेल्या हेडाखाली नवे गॅस्केट घातले तर ते पुन्हा जळते. अनेक एंजिनांत मिलिमीटरच्या विसाव्या भागापेक्षा जास्त बाक चालत नाही. हेडचे बोल्ट नवे घेतले, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप बदलला, आणि उघडलेच आहे तर टायमिंगचा पट्टाही बदलून घेतला. बिल झाले 27,400 रुपये. काकांच्या दोन वाक्यांची किंमत आमच्या हिशेबी 32,600 रुपये होते.

या प्रसंगातून आम्ही जे शिकलो ते गृहिणींच्या यादीसारखे सांगतो. मोटार पाहायला जाल तेव्हा एंजिन थंड असले पाहिजे. झाकणावर हात ठेवून पाहा. गरम लागले तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. तापविलेले एंजिन आपले पुष्कळसे दोष लपविते. धुराचा रंग पाहा. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. थंडीतली क्षणभराची पांढरी वाफ निर्दोष असते, पण एंजिन तापल्यावरही टिकणारी पांढरी वाफ म्हणजे पाणी जळते आहे. ऑईलचे टोपण उघडून आत पाहा. तेल फारच घट्ट वाटले तर सावध व्हा, कारण घट्ट तेलाने खडखड काही काळ दबते. किल्ली फिरविल्यावर एंजिनाचा इशारादिवा आधी लागून मग विझला पाहिजे. तो मुळी लागलाच नाही, तर कोणी तो बंद करून ठेवला आहे काय, असा संशय घ्यावा. आणि मोटार घेऊन झाली असेल तर पहिल्या आठवड्यातच तेल, गाळण्या आणि कूलंट बदला, कूलंटच्या बाटलीवर खूण करा आणि रोज सकाळी एका वहीत पातळी लिहा. सात दिवसांची ती वही कोणत्याही मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा अधिक बोलते.

कायद्याचेही दोन शब्द. मालविक्रीचा 1930 चा कायदा सामान्यतः घेणाऱ्यालाच डोळे उघडे ठेवण्यास सांगतो. जाणूनबुजून दोष झाकला असेल तर 1872 च्या करार कायद्यात ते कपट ठरते; मात्र ते सिद्ध करावे लागते. विक्रीचा धंदा करणाऱ्याकडून मोटार घेतली असेल तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ती आपण जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगापुढे करता येते. बदलीवर फिरणाऱ्या आपल्यासारख्यांना ही तरतूद मोलाची आहे. खाजगी माणसाकडून घेतलेल्या मोटारीला हा मार्ग सहसा मिळत नाही. म्हणून बोलणे झाले ते कागदावर असावे आणि जुनी बिले मागून घ्यावीत.

आता त्या सद्गृहस्थांविषयी. पुष्कळ दिवस मनात राग होता. शेवटी आम्ही त्यांना फोन केला आणि आरोप न करता फक्त विचारले, मोटार पूर्वी कधी तापली होती काय? पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "मे महिन्यात एकदा तापली होती. गॅरेजवाल्याने कसलेसे औषध घातले. पुढे काही त्रास झाला नाही, म्हणून बोललो नाही." आणि थोड्या वेळाने, "खरे सांगू? सांगितले असते तर तुम्ही घेतली नसती, हेही मनात होते." आठ दिवसांनी त्यांच्याकडून 12,000 रुपये आले. आम्ही मागितले नव्हते. तेव्हा ध्यानात आले की आम्हीही त्यांना हा प्रश्न मोटार घेण्यापूर्वी विचारला नव्हता. त्यांची भीड आणि आमची भीड यांच्यामध्ये ते एंजिन जळत राहिले.

ती मोटार पुढे साडेतीन वर्षे निमूटपणे धावली. आईला घेऊन दोनदा नाशिकला गेली, दोनदा बिजासन घाट चढली. 2021 मध्ये आम्ही ती विकली. घेणारे गृहस्थ याच गावातले, नुकतेच आलेले. त्यांना आम्ही सकाळी बोलाविले, एंजिन थंड असताना. हेड उतरविल्याचे सांगितले, दाबाचे आकडे असलेला कागद, सगळी बिले आणि ती वही त्यांच्या हाती दिली. त्यांनी भावात दहा हजार रुपये कमी केले. सौभाग्यवतींना ते लागले. आईला लागले नाही. ती एवढेच म्हणाली, "आता तरी त्या गाडीचं कुणाला काही लपवायला नको."

ते गृहस्थ आज आपल्या मंडळाचे सभासद आहेत आणि समोर बसलेले आहेत. मोटार अजून चालते, असे ते सांगतात. यापुढे आपल्यापैकी कोणी जुनी मोटार घेणार असेल तर एकट्याने जाऊ नये. काका वयोमानाने आता येऊ शकत नाहीत. परंतु दाब मोजायचे यंत्र त्यांनी मंडळाला देऊन ठेवले आहे. ते ग्रंथालयाच्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे. किल्ली कार्यवाहांकडे मागावी आणि मागताना भीड बाळगू नये.