आभासी नाणं : नाव नवं, डाव जुना

आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत. त्यांचं नाव मी इथं घेणार नाही. नाव घेऊ नका, पण हकीकत मात्र सांगा, असं त्यांनीच मला बजावलं आहे. छत्तीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं शिकवली. निवृत्त झाले तेव्हा फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हाती आले. एके दिवशी त्यांचा एक जुना विद्यार्थी घरी आला, पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमचे पैसे बँकेत नुसते पडून आहेत. आता जमाना नाण्याचा आहे, मोबाइलवरच्या नाण्याचा. रोज एक टक्का मिळतो. मी स्वतः घेतोय."

गुरुजींनी आधी पन्नास हजार भरले. महिनाभर खरोखरच रोज पाचशे रुपये खात्यावर जमा होत राहिले. मग त्यांनी आणखी चार लाख घातले. मेहुण्यांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, दोन जुन्या सहकाऱ्यांना सांगितलं. चौथ्या महिन्यात पैसे यायचे थांबले. मोबाइलवर मात्र आकडा वाढतच होता : अकरा लाख! ते काढायला गेले, तर निरोप आला की आधी ऐंशी हजार रुपये 'कर' भरा. तेही त्यांनी भरले. दुसऱ्या दिवशी ते ॲपच उघडेना. त्या विद्यार्थ्याकडे गेले, तर तो डोक्याला हात लावून बसलेला. त्यानं बायकोचे दागिने गहाण ठेवून पैसे भरले होते.

गुरुजी मला म्हणाले, "माझे पैसे गेले, ते मी गिळलं. पण माझ्या शब्दावर ज्यांनी पैसे भरले, त्यांच्या दारावरून जाताना मान वर होत नाही."

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. आणि गावातल्या शिक्षकांनी तो जरा जास्त लक्ष देऊन ऐकावा, अशी माझी विनंती आहे. कारण पुढं येईलच.

आधी हे आभासी नाणं म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. तलाठ्याकडं जमिनीच्या नोंदींची वही असते. समजा, त्या वहीच्या हुबेहूब नकला हजारो लोकांच्या घरी ठेवल्या, आणि एक नोंद झाली की ती सगळ्या नकलांत एकदमच झाली. मग एकट्यादुकट्याला खाडाखोड करून काय साधणार? बाकीच्या वह्या लगेच बोलतील. बिटकॉइन नावाचं नाणं अशाच एका वहीवर चालतं. ही वही कागदाची नाही, जगभरच्या संगणकांवरची आहे. तिला ब्लॉकचेन म्हणतात. सातोशी नाकामोतो या नावानं २००८ साली या कल्पनेचा एक निबंध प्रसिद्ध झाला, आणि जानेवारी २००९ मध्ये ही वही सुरू झाली. त्यानंतर अशी हजारो नाणी निघाली.

या नाण्यामागं कुठलंही सरकार नाही, कुठलीही रिझर्व्ह बँक नाही. घेणारा जी किंमत देईल, ती त्याची किंमत. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६८ हजार डॉलरच्या वर गेला होता. वर्षभरात तो १६ हजारांच्या आसपास घसरला. कांद्याचा भाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातली जोखीम वेगळी समजावून सांगायला नको. पण कांद्याचा भाव पडला तरी कांदा घरात उरतो.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. बँकेतून चुकीच्या खात्यावर पैसे गेले तर निदान तक्रार करायला बँक असते. या वहीत एकदा झालेली नोंद परत फिरवता येत नाही. दाद मागायला शाखा नाही, की शाखाधिकारी नाही. ठकांना हे नाणं आवडतं ते यामुळंच.

पुष्कळ लोकांची इथं गल्लत होते, म्हणून हेही सांगतो. आपण दुकानात मोबाइलवरून पैसे देतो ते यूपीआय. ते आपल्याच बँक खात्यातले रुपये. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२२ मध्ये सामान्य लोकांसाठी प्रायोगिक रीतीनं सुरू केलेला डिजिटल रुपया, तोही सरकारी रुपयाच. आभासी नाणं या दोन्हींहून वेगळं. ते जवळ बाळगणं आपल्याकडं गुन्हा नाही, पण ते देशाचं चलनही नाही. "सरकार यावर तीस टक्के कर घेतं, म्हणजे सरकारची मान्यता आहे," असं एजंट सांगतात. २०२२ पासून कर आहे, हे खरं. पण मंडळी, सरकार दारूवरही कर घेतं. म्हणून दारूच्या दुकानदाराला काय कुणी सरकारी माणूस म्हणतं?

आता मुख्य मुद्दा. गुरुजी बुडाले ते या वहीमुळं नव्हे. त्यांचे पैसे त्या वहीपर्यंत कधी पोचलेच नाहीत. ते बुडाले एका शंभर वर्षांच्या जुन्या डावामुळं.

१९२० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात चार्ल्स पॉन्झी नावाचा एक माणूस होता. टपालाच्या आंतरराष्ट्रीय उत्तर-कुपनांच्या व्यापारात मोठा नफा आहे, ४५ दिवसांत ५० टक्के देतो, असं तो सांगे. आणि देईही. त्याच्या दारात रांगा लागल्या. प्रत्यक्षात कुपनांचा तो व्यापार जवळजवळ नव्हताच. आज आलेल्याचे पैसे तो कालच्याला देत होता. त्याच वर्षी सगळा डोलारा कोसळला. तेव्हा कुपन होतं, आता नाणं आहे. मधल्या काळात आपल्याकडं इमू आला, जमिनीचे प्लॉट आले, दामदुप्पट आली. घोड्यावरचं खोगीर बदलतं, घोडा तोच.

आपल्या जवळचं उदाहरण घेऊ. 'गेनबिटकॉइन' नावाची योजना २०१५ च्या सुमारास निघाली. तुमचं बिटकॉइन द्या, दरमहा १० टक्के, असे १८ महिने देतो, असं तिचं आश्वासन होतं. सुरुवातीला लोकांना परतफेड मिळाली. पुढं बिटकॉइनऐवजी योजनेच्याच घरचं, फारशी किंमत नसलेलं 'एमकॅप' नावाचं नाणं लोकांच्या पदरात टाकण्यात आलं. पुण्यात गुन्हे दाखल झाले, नांदेडमध्ये झाले. मुख्य आरोपीला २०१८ साली पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. पुढं तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडं गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर झडत्या झाल्या. योजना निघून दहा वर्षं होत आली, तरी झडत्याच चालू होत्या! बुडालेला पैसा परत येण्याची वाट किती लांब असते, ते यावरून समजावं.

दुसरं उदाहरण 'वनकॉइन'चं. रुजा इग्नातोव्हा नावाच्या बाईनं २०१४ साली बल्गेरियातून हा कारभार सुरू केला. लंडनच्या वेंब्ली सभागृहात तिची सभा भरली. आपल्याकडंही लोण आलं. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी अशाच एका प्रचारसभेवर छापा घालून माणसं पकडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ही बाई विमानात बसली आणि बेपत्ता झाली. अमेरिकी तपासयंत्रणांच्या म्हणण्याप्रमाणं या प्रकरणात लोकांचे ४०० कोटी डॉलरहून अधिक गेले. आणि गंमत अशी की वनकॉइनला ती वही, ते ब्लॉकचेन, खऱ्या अर्थानं नव्हतंच. कचेरीत बसून भाव ठरवायचा आणि पडद्यावर दाखवायचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

शिक्षक मित्रांना इथं एक काम सांगतो. सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर हे गणित घाला. दरमहा १० टक्के, आणि नफा पुन्हा त्यातच गुंतवायचा. एका लाखाचे वर्षाअखेर सुमारे ३ लाख १४ हजार होतात. पाच वर्षांनी किती? ३ कोटी ४ लाखांच्या वर. असा धंदा ज्याला ठाऊक आहे, तो तुमच्या दारात पन्नास हजार मागायला कशाला येईल? पाच वर्षं गप्प घरी बसून कोट्यधीश नाही का होणार?

दुसरं गणित साखळीचं. एकानं पाच जण आणायचे, त्या प्रत्येकानं आणखी पाच. पाच, पंचवीस, सव्वाशे अशी तेरावी पायरी येते तेव्हा साखळीत एकूण १५२ कोटी माणसं लागतात. भारताची लोकसंख्याही तितकी नाही. म्हणजे साखळी तुटणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. आणि ती तुटते तेव्हा सगळ्यात जास्त माणसं सगळ्यात खालच्या पायरीवर असतात.

आता ओळखायच्या खुणा सांगतो.

पहिली खूण : ठरलेल्या नफ्याची हमी. ज्याचा भाव रोज वर-खाली होतो, त्यावर ठरावीक नफा कुणीही देऊ शकत नाही. हमी ऐकली की उठावं आणि चालू लागावं.

दुसरी खूण : माणसं आणल्याबद्दल कमिशन. खऱ्या धंद्यात माल विकून पैसा मिळतो, माणसं जोडून नव्हे.

तिसरी खूण : घाई. "आज रात्रीपर्यंतच संधी आहे, उद्या भाव वाढणार." चांगली म्हैस बाजारात बघायला गेलो तरी आपण दोनदा धार काढून बघतो. इथं एक रात्रही थांबू नये?

चौथी खूण : अनोळखी ओळख. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर कुणी आपणहून गोड बोलायला येतं, महिनाभर सुखदुःख विचारतं, मग हळूच नाण्याचा विषय काढतं. गटातले पन्नास जण "मला मिळाले, मला मिळाले" म्हणतात. त्यातले किती खरे आणि किती एकाच माणसाचे, कोण सांगणार? एखाद्या प्रसिद्ध नटाचा किंवा उद्योगपतीचा बोलता व्हिडिओही पाठवतात. हल्ली चेहरा आणि आवाज दोन्ही बनावट तयार करता येतात.

पाचवी खूण, आणि ही सगळ्यात पक्की : स्वतःचेच पैसे काढण्यासाठी आणखी पैसे मागणं. कर, दंड, शुल्क, नाव काहीही द्या. खरा कर सरकारला भरायचा असतो, ॲपवाल्या माणसाच्या खात्यावर नव्हे. सुरुवातीला थोडे पैसे परत मिळाले, एवढ्यावर विश्वास ठेवू नका. गळाला लावलेला गांडूळही खरंच असतं.

आणि एक पथ्य. ओटीपी, पिन, किंवा नाण्याच्या पाकिटाचे ते बारा किंवा चोवीस गुप्त शब्द कुणालाही सांगायचे नाहीत, सख्ख्या भावालाही नाही. कुणाच्या सांगण्यावरून आपला मोबाइल दुसऱ्याला दिसेल असलं ॲप बसवायचं नाही.

इतकं करूनही कुणी फसलाच तर? पहिलं काम, तासाच्या आत १९३० या क्रमांकावर फोन करायचा. सायबर फसवणुकीसाठी हा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता जास्त. आपल्या बँकेलाही कळवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. ज्या खात्यावर पैसे पाठवले त्याचा तपशील, व्यवहाराचे क्रमांक, आलेले संदेश, काही पुसू नका. ठेवी गोळा करून बुडवणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा आहे, आणि २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदाही आहे. म्हणून पोलीस ठाण्यात जायला कचरू नका. आणि "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा," असं म्हणणारा भेटला, तर तो त्याच टोळीचा चुलत भाऊ समजा.

आता सुरुवातीचा मुद्दा. ठक गावात येतो तेव्हा त्याला आधी पैसा नको असतो, शब्द हवा असतो. शिक्षकाचा शब्द, सरपंचाचा शब्द, बचत गटाच्या अध्यक्षाताईंचा शब्द. तो एकदा मिळाला की पैसा पाठोपाठ येतो. म्हणून ज्यांच्या शब्दाला गावात वजन आहे, त्यांनी तो जपून वापरावा. "मला मिळाले" हे वाक्य साधं वाटतं. पण ते ऐकून कुणी विहिरीसाठी साठवलेले पैसे काढतो, कुणी मुलीच्या लग्नाचे.

आणि जो फसला त्याला हसू नका. "एवढे शिकलेले असून कसे फसलात?" असं आपण म्हणतो, आणि त्यामुळं पुढचा माणूस तोंड उघडत नाही. तो गप्प बसला की ठकाला शेजारचं गाव मोकळं.

आमचे गुरुजी तीन महिने गप्प होते. मग एका रविवारी ते स्वतः चारही घरी गेले, चूक कबूल केली आणि सगळ्यांना घेऊन तक्रार द्यायला गेले. पैसे अजून आलेले नाहीत. पण परवा त्यांच्याच गावात नव्या नाण्याचा एक एजंट आला, तेव्हा पारावर बसलेल्यांनी त्याला सांगितलं, "आधी आमच्या गुरुजींशी बोला." तो चहा न पिताच निघून गेला.