रेणुकेचं डोकं, आमचं धड

पोरींनो, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दोस्तांनो,

मी गोदीत माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो म्हणून मला उभं केलंय. विषय दिलाय, 'देवी आणि मुलींची आत्मशक्ती'. नवरात्र आलं की सगळेच सांगतात, पोरी, तू दुर्गा, तू अंबा. ऐकायला बरं वाटतं. पण आमच्या घरात एक बाई खरोखरच देवीची होती. तिचंच सांगतो.

माझी थोरली आत्या जोगतीण. लहानपणी केसात जट निघाली. तेल नाही, फणी नाही, केस चिकटले, दुसरं काय! पण यल्लम्मानं बोलावलंय म्हणाले. सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन बांधलं. तेव्हा ती न्हातीसुद्धा झाली नव्हती. पुढं मंगळवार-शुक्रवार परडी घेऊन जोगवा. ज्या वाड्यावर दिवसा परडीत लांबून पीठ पडायचं, त्याच वाड्यातले रात्री शिवाशीव विसरायचे. अंगात आलं की तेच लोक पाया पडायचे. तेवढाच तासभर मान. आत्या त्या तासाबद्दल अजून हळवी होते, आणि मी तिला हसत नाही.

कायदा नव्हता असं नाही. मुंबई प्रांतात १९३४ सालीच झाला होता, आणि सौंदत्ती तेव्हा मुंबई प्रांतातच. कर्नाटकानं पुन्हा १९८२ साली केला. आत्याचं दर्शन बांधलं ते या दोन्हींच्या मधल्या काळात.

आता देवीची गोष्ट ऐका. रेणुका नदीवर पाण्याला गेली, जलक्रीडा करणारा राजा दिसला, मन क्षणभर हललं. नुसतं मन! जमदग्नीनं पोरांना सांगितलं, आईला मारा. चौघांनी ऐकलं नाही, त्यांना शाप. परशुरामानं परशू चालवला. मग त्यानंच वर मागून तिला उठवली. मेली नवऱ्याच्या हुकमानं, उठली पोराच्या वरानं. तिला कुणी विचारलं? आणि मार्गशीर्षी पुनवेला त्याच जमदग्नीच्या नावानं आमच्या आत्यानं दरसाल बांगड्या फोडायच्या. च्यायला, खून करवणाऱ्याचं रांडपणसुद्धा आमच्याच बायांनी पाळायचं!

दक्षिणेत आणखी एक सांगतात. परशू चालला तेव्हा एक मातंगीही तोडली गेली, आणि जोडताना डोकी बदलली. ऋषिपत्नीचं डोकं, धड आमच्या बाईचं. पूजा डोक्याची होते. धडाचं काय होतं ते आत्याला विचारा.

१९३६ च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी जोगतिणी, देवदासी, पोतराज यांची सभा घेतली आणि हे जिणं सोडा म्हणून सांगितलं. तुमच्यात देवी आहे, असं म्हणून गोंजारलं नाही.

गेल्या वर्षी चुलतबहिणीच्या केसात जट दिसली. चौदा वर्षांची, नववीतली. चुलती घाबरली, भंडारा काढून बसली. मी कडाकडा भांडलो, उपयोग शून्य. आत्या कोपऱ्यात होती. उठली, शेजारून कात्री आणली, पोरीला पुढ्यात घेतलं. चुलती ओरडली, कोप होईल! आत्या म्हणाली, "झाला तर माझ्यावर होऊ दे. माझं काय र्‍हायलंय आता?"

जट वर्तमानपत्रावर पडली. पोरीनं मान इकडं-तिकडं हलवून बघितली आणि म्हणाली, "आत्या, उद्या शाळेत दोन वेण्या घालशील?"

ती आज इथंच बसलीय, दुसऱ्या ओळीत. माझं झालं. आता माइक तिला द्या.