किल्ली कोणाच्या कमरेला?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



तीन वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक प्रसंग घडला. केसेसबद्दलची आमची बोलणी मोबाइलवरच्या गटात चालायची. एका कार्यकर्तीच्या नवऱ्याने तिचा फोन उघडून सगळं वाचलं आणि आमच्याकडे आलेल्या एका बाईचा पत्ता दोन दिवसांत तिच्या सासरी पोचला. तिला रातोरात दुसरीकडे हलवावं लागलं. त्या धक्क्यात आम्ही ठरवलं की निरोपांची व्यवस्था आपली स्वतःची हवी, कंपनीची नको.

मॅट्रिक्स ही संदेशांची खुली पद्धत २०१४ पासून आहे. तिचं सिनॅप्स नावाचं सॉफ्टवेअर कोणीही आपल्या सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू असणाऱ्या संगणकावर, बसवू शकतं. मुक्त सॉफ्टवेअर म्हटल्यावर आम्हाला ‘फुकट’ एवढंच ऐकू आलं. सॉफ्टवेअर फुकट होतं, पण सर्व्हरला दरमहा भाडं होतं आणि राबणूक तर मोजलीच नव्हती. घरकामासारखंच!

ओळखीचा एक इंजिनियर मुलगा मदतीला आला. सूचना सगळ्या इंग्रजीत, काळ्या पडद्यावर टाइप करायच्या. सुरुवातीला सर्व्हरला काहीतरी चाचणीचं नाव दिलं. ते नंतर बदलता येत नाही, हे गट तयार झाल्यावर कळलं. सगळं पुसून पुन्हा मांडलं. मग एकीने फोन बदलला. जुने निरोप वाचायला लागणारी इंग्रजी अक्षरांची लांबलचक किल्ली तिने कुठेच लिहून ठेवली नव्हती. कुलूप आपणच लावलं, किल्लीही आपणच हरवली.

खरा फटका पुढे बसला. सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र आम्ही मोफत घेतलं होतं. त्याची मुदत ९० दिवस. ते आपोआप नवं होईल अशी सोय करायची राहून गेली होती. एका रात्री सगळ्यांच्या फोनवर ‘जोडणी सुरक्षित नाही’ असं आलं आणि गट बंद पडला. त्याच रात्री एक कार्यकर्ती मार खाल्लेल्या बाईला घेऊन एस.टी. स्टँडवर उभी होती. निवारा कुठे आहे, हे ती गटात विचारत होती. पासवर्ड फक्त त्या मुलाकडे आणि तो परगावी. शेवटी तिने साधे फोन लावून सोय केली.

त्या रात्री मला वाटलं, आपण कंपनीच्या हातून सुटलो आणि एका पुरुषाच्या हाती गेलो. मुलगा भला होता, पण प्रश्न भलेपणाचा नाही. ज्याच्या कमरेला किल्ल्या, त्याचं घर, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. मूळ प्रसंगात निरोप वाटेत फुटला नव्हता, तो घरात फुटला होता. नवरा बायकोचा फोन हक्काने उघडतो, याला सर्व्हर काय करणार? शिवाय आम्ही गटांना बाईचं आणि गावाचं नाव देत होतो. निरोप कुलपात होते, पण गटाचं नाव कुलपात नव्हतं. सर्व्हर चालवणाऱ्याला ते दिसत होतं. कोण कोणाशी केव्हा बोललं, तेही दिसत होतं.

मग आम्ही रीत बदलली. केसला नावाऐवजी क्रमांक दिला. प्रत्येकीच्या फोनला आणि अ‍ॅपला वेगळं कुलूप लावलं आणि त्याबद्दल घरात कसं बोलायचं, यावर बैठक घेतली. दोघीजणी सर्व्हर सांभाळायला शिकल्या. एक दहावी झालेली आहे. प्रत्येक कृती मराठीत वहीत लिहिली. पासवर्ड दोन बंद पाकिटांत, दोन कपाटांत ठेवले. दर शनिवारी प्रत काढतो आणि प्रमाणपत्राची तारीख बघतो. सर्व्हर पडला तर कोणी कोणाला फोन करायचा, ते भिंतीवर लावलंय.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आला तेव्हा घटना अहवाल भरणं हे वकिलांचं काम वाटायचं. आज आपण तो भरतो. हेही शिकता येतं. पण सांभाळायला दोघी नसतील, तर सर्व्हर मांडू नका. सिग्नलसारखं तयार अ‍ॅप घ्या, निरोप ठरावीक वेळाने पुसले जातील असं ठेवा.

आणि यंत्र आणण्याआधी एकमेकींना विचारा : आपण हे कोणापासून लपवतोय? आणि तुझा फोन घरात कोणकोण उघडतं?